चार मिनिटं चालणारी मोटार

मोटार सुरू होत नव्हती आणि बाबा खिडकीत वाट पाहत होते.

खिडकी स्वयंपाकघराची होती आणि बाबा चिनीमातीच्या पांढऱ्या बरणीत होते. सहा आठवड्यांपूर्वी ते चांगले आडव्या बांध्याचे, खुर्चीत बसले की खुर्चीने तक्रार करावी असे गृहस्थ होते. आता सगळे मिळून दोन किलो भरले असते, तेही बरणीसकट. बरणी खिडकीत आईनेच आणून ठेवली होती. "त्यांच्या मोटारीला कोणी हात लावतंय म्हटल्यावर ते आत कपाटात गप्प बसतील होय?" असं म्हणून ती पुन्हा ओट्याकडे वळली होती.

खिडकीबाहेर मागच्या अंगणात पाण्याने काठोकाठ भरलेलं एक पत्र्याचं पिंप होतं. पिंपाच्या कडेला होडीची मोटार आवळून बसवली होती, तिचा पंखा पाण्यात बुडालेला होता आणि तिची दोरी हातात धरून बाबांचा मुलगा घाम पुसत उभा होता. वय अठ्ठेचाळीस, धंदा चष्म्याच्या दुकानाचा. दिवसभर तो लोकांच्या नाकावर चष्मे बसवून बघायचा आणि तांदळाच्या दाण्याहून बारीक स्क्रू चिमट्याने पिळायचा. त्या हातांना दोरी ओढायची सवय नव्हती. तळहाताला दोन फोड आले होते आणि तिसरा वाटेवर होता.

बाबा नोकरी पाणीखात्यात करून निवृत्त झाले होते, पण तळ्यावरचे लोक त्यांना कप्तान म्हणत. एक साडेतीन मीटरची होडी आणि पस्तीस वर्षांची जुनी मोटार एवढ्या आरमाराचे ते कप्तान. ती मोटार त्यांच्याशिवाय कोणाकडूनही सुरू व्हायची नाही. ते तिला तीनदा थोपटायचे, "चल गं म्हातारे" म्हणायचे, एक झटका द्यायचे, आणि ती खोकत खोकत जागी व्हायची. तळ्यावर याची ख्याती होती. इतरांच्या बिघडलेल्या मोटारीही लोक त्यांच्याकडेच आणत. त्यामुळे आता अडचण अशी झाली होती, की त्या सगळ्या भागात होडीच्या मोटारी दुरुस्त करणारा एकच माणूस होता, आणि तो बरणीत होता.

मुलाला त्यांनी मोटारीला कधी हात लावू दिला नाही. सतराव्या वर्षी त्याच्या हातून एक प्लग तळ्यात पडला होता. तेव्हा बाबा म्हणाले होते, "तुझं काम काचेचं. लोखंडाच्या वाटेला जाऊ नकोस." मग तो काचेच्या धंद्यात गेला, आणि त्याचा धंदा बरा चालला. पण होडीत तो एकतीस वर्षांत पुन्हा बसला नाही, आणि बाबांनीही बसायला बोलावलं नाही.

आणि आता बाबांच्या खणात मोटारीचं गॅरंटी कार्ड सापडलं होतं. गॅरंटी संपून चौतीस वर्षं झाली होती, पण कार्डाच्या पाठीवर बाबांनी निळ्या पेनाने लिहिलं होतं: 'मला तळ्याच्या मध्यावर सोडा. माझ्या होडीतून, माझ्या मोटारीने. वल्ही मारत नेऊ नका, लोक हसतील. मोटार मुलाने चालवावी. तो चोक विसरेल, आठवण करा.'

शेवटचं वाक्य सोडून बाकीचं त्याने इतक्यांदा वाचलं होतं, की कार्ड घडीवर फाटायला आलं होतं. मोटार मुलाने चालवावी. एवढे तीन शब्द जिवंतपणी बाबांच्या तोंडातून निघाले असते, तर काय बिघडलं असतं? पण ते निघाले नव्हते. आता ते खरे करून दाखवायला त्याच्यापाशी तीनच दिवस होते, कारण पहिल्या तारखेपासून तळ्यात पेट्रोलच्या मोटारींना कायमची बंदी येणार होती, आणि आज शुक्रवार, एकोणतीस तारीख होती.

"तू चोक ओढलास का?" मेहुण्यांनी विचारलं. हे त्याच्या ताईचे यजमान. शाळेत भूगोल शिकवायचे, आणि जगात आपल्याला कळत नाही असं काही असू शकतं, यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"ओढलाय, भावोजी."

"मग पेट्रोल शिळं आहे. सहा आठवडे पडून आहे. ओतून टाक."

पेट्रोलची टाकी वेगळी होती, लाल रंगाची, सुटकेसएवढी, नळीने मोटारीला जोडलेली. बाबा तिला दरवर्षी रंग द्यायचे. झाकणाच्या मधोमध एक पितळी फिरकी होती, कानातल्याला असते तशी, पण अंगठ्याएवढी. सबंध मोटारीवर तेवढी एकच गोष्ट चकचकीत होती. चष्मेवाल्याच्या नजरेने ती टिपली, आणि डोक्याने सोडून दिली.

जुनं पेट्रोल ओतून नवं भरलं. भावोजींनी झाकण गच्च लावलं. चष्मेवाल्याने दोरीला झटका दिला, आणि मोटार धडधडून सुरू झाली. पिंपातलं पाणी उसळून दोघांच्या विजारी भिजल्या. आई खिडकीत आली. चष्मेवाल्याला वाटलं आपण आता रडणार, म्हणून तो हसत राहिला. मोटार चांगली चार मिनिटं चालली, मग तिचा आवाज बारीक झाला, दोन उचक्या लागल्या आणि ती बंद पडली.

आईने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

त्यानंतरच्या दीड दिवसाचा हिशेब सांगायचा तर तो चार-चार मिनिटांतच सांगावा लागेल. चष्मेवाल्याने प्लग काढून साफ केला. मधल्या वेळात भावोजींनी टाकीचं झाकण उघडून आत पेट्रोल आहे ना ते पाहिलं, आणि पुन्हा गच्च लावलं. मोटार सुरू झाली. "प्लगच होता," चष्मेवाला म्हणाला. चार मिनिटांनी ती बंद पडली. मग भावोजींनी पिंपातलं पाणी दोन बोटं कमी केलं, कारण पंख्यावर दाब येत असणार, आणि झाकण उघडून पेट्रोल पाहिलं. मोटार सुरू झाली. "दाब," भावोजी म्हणाले. चार मिनिटांनी ती बंद पडली. प्रत्येक उपाय लागू पडत होता आणि कोणताच टिकत नव्हता. बाबांच्या शेवटच्या वर्षातल्या औषधांचंही असंच झालं होतं.

शनिवारी सकाळी स्कूटर मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीने आधी बरणीला नमस्कार केला. मग स्क्रूड्रायव्हरचं एक टोक मोटारीवर आणि दुसरं कानाला लावून तो डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला.

"काय ऐकू येतंय?" भावोजींनी विचारलं.

"काही नाही. बंद आहे ना ती."

"मग ऐकताय काय?"

"साहेब, पेशंट झोपला असला तरी डॉक्टर नाडी बघतोच की."

त्याने कार्बुरेटर खोलला. दोन भागांच्या मध्ये, पेट्रोल गळू नये म्हणून, बाबांनी कागद कापून बसवलेला होता. तो कागद मोटारीच्या माहितीपुस्तकाचा होता हे भावोजींनी लगेच ओळखलं, कारण सकाळपासून ते त्या पुस्तकातलं चौदावं पान शोधत होते. तेलाने पिवळ्या पडलेल्या त्या तुकड्यावर अजून अक्षरं वाचता येत होती. भावोजींनी ती मोठ्याने वाचली, "मोटार थोडा वेळ चालून बंद पडत असल्यास, सर्वप्रथम."

"सर्वप्रथम काय?"

"पुढे भोक आहे."

तिघांनी त्या भोकातून आळीपाळीने पाहिलं. पलीकडे अंगण दिसत होतं.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. टाकीपाशी उभी राहिली. टाकीकडे तिने एकदाच पाहिलं, आणि मग तिच्याकडे पाठ केली. "किती वेळ चालते?" तिने विचारलं.

"चार मिनिटं."

"मग पुरे झालं की. चार मिनिटांत जिथवर जाईल, तिथे सोडा त्यांना."

"अगं, चार मिनिटांत आपण लोकांच्या नजरेबाहेरसुद्धा जाणार नाही. त्यांनी मध्यावर लिहिलंय."

"मग वल्ही मारा. हसले लोक तर हसले. जिवंतपणी काय कमी हसले?"

"मोटारीनेच न्यायचं, आई. मीच नेणार."

आई आत ओट्याकडे परतली. तिचं त्या मोटारीशी कधी पटलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. 'माझी सवत' म्हणायची ती तिला. टाकी मागच्या खोलीत ठेवायची, म्हणून पेट्रोलच्या वासावरून दर रविवारी भांडण व्हायचं. तरी पस्तीस वर्षं दर रविवारी ती बाबांबरोबर होडीत जायची, मधल्या फळीवर बसायची, आणि टाकी सरकू नये म्हणून ती पायांत धरून ठेवायची. नवऱ्यापुढे बिचारीचं काय चालणार, असं ताई म्हणायची.

एकाच रविवारी ती गेली नव्हती. त्या दिवशी बाबा एकटेच गेले. दुपारी त्यांची होडी पलीकडच्या काठाला लव्हाळ्यात अडकलेली मिळाली. बाबा मोटारीवर ओणवे झालेले होते आणि दोरी उजव्या पंजाभोवती गुंडाळलेली होती. ती सोडवायला दोन माणसं लागली. डॉक्टर म्हणाले हृदय. तळ्यावरचे लोक म्हणाले, म्हातारीने कप्तानाला ओढून नेलं. आई काहीच म्हणाली नाही, आणि तेव्हापासून ती एकूणच कमी बोलायला लागली होती.

शनिवारी संध्याकाळी चमत्कार झाला. पेट्रोल पाहायला झाकण उघडून ठेवलेलं असतानाच भावोजींना शाळेतून फोन आला. बोलत बोलत ते झाकण हातात घेऊन घराच्या पुढच्या बाजूला गेले, आणि परीक्षेच्या वेळापत्रकावरून अर्धा तास भांडत राहिले. इकडे मिस्त्रीने कार्बुरेटर जोडला, चष्मेवाल्याने झटका दिला, आणि मोटार चार मिनिटं चालली, दहा मिनिटं चालली, वीस मिनिटं चालली. पिंपातलं पाणी कोमट व्हायला लागलं. शेवटी शेजाऱ्यांनी भिंतीवरून डोकावून विचारलं, की हे किती वेळ चालणार आहे, तेव्हा ती बंद केली.

"कार्बुरेटर," मिस्त्री म्हणाला, आणि पैसे घ्यायला नाही म्हणाला. "कप्तानांचं काम आहे."

भावोजी परत आले. झाकण त्यांनी जागेवर लावलं आणि दोन्ही हातांनी गच्च पिळलं, म्हणजे उद्या गाडीत पेट्रोल सांडायला नको. माणूस अतिशय व्यवस्थित.

रविवारी अकरा वाजता सगळे धक्क्यावर जमले. होडीत तिघांचीच जागा होती, म्हणून ताई सगळ्यांच्या चपला सांभाळत काठावर थांबली. बाबांचे तळ्यावरचे सात-आठ सोबती आले होते. भावोजी पुढे होडीच्या टोकाशी बसले, मांडीवर बरणी. आई मधल्या फळीवर, मुलाकडे तोंड करून, पायांत टाकी. चष्मेवाला मागे, मोटारीपाशी.

"कप्तान तीनदा थोपटायचे," काठावरून एक म्हातारा म्हणाला.

चष्मेवाल्याने तीनदा थोपटलं. "चल गं म्हातारे," तो पुटपुटला, आणि त्याला उगाचच लाज वाटली.

"चोक," आई म्हणाली.

तो विसरलाच होता. त्याने चोक ओढला, झटका दिला, आणि मोटार पहिल्याच झटक्याला सुरू झाली. काठावरचे म्हातारे एकमेकांकडे बघून मान डोलवायला लागले. होडी धक्क्यापासून सुटली. चष्मेवाल्याने मूठ पिळली, होडीचं नाक जरा वर उचललं, आणि त्याच्या पोटात काहीतरी इतकं हलकं झालं, की आज आपण बापाला पोचवायला निघालोय याचाही त्याला क्षणभर विसर पडला. एकतीस वर्षं तो या जागेवर बसायची वाट पाहत होता. बसल्यावर जागा तशी अरुंदच निघाली.

मग आवाज बारीक झाला. दोन उचक्या लागल्या. मोटार बंद पडली.

"चार मिनिटं दहा सेकंद," भावोजी घड्याळ बघून म्हणाले. "सुधारणा आहे."

तळ्याच्या मध्याला अजून बरंच अंतर होतं. वारा होता, आणि तो होडीला आडवी ढकलत पलीकडच्या काठाकडे नेत होता. तिथे लव्हाळी होती. ती कोणती लव्हाळी, हे तिघांनाही ठाऊक होतं.

चष्मेवाल्याने दोरी ओढली. थोपटून ओढली, न थोपटता ओढली. चोक लावून ओढली, काढून ओढली.

"थंड होऊ दे तिला," भावोजी म्हणाले. "तापली असेल."

"वल्ही घ्या," आई म्हणाली.

"नाही," चष्मेवाला म्हणाला. "वल्ही नाही."

तो ओढत राहिला. वीस झटके झाले, तीस झाले. शर्ट पाठीला चिकटला, कानांत ठोके ऐकू यायला लागले, तोंडाचा रंग बदलला. तळहाताचे फोड फुटले आणि दोरी ओली होऊन निसटायला लागली. तेव्हा नीट पकड यावी म्हणून त्याने ती उजव्या पंजाभोवती दोन वेढे देऊन गुंडाळली आणि मोटारीवर ओणवा झाला.

"थांब," आई म्हणाली.

"होईल गं सुरू, एकच अजून."

"सोड म्हटलं ना ती दोरी."

असा आवाज त्याने लहानपणानंतर ऐकला नव्हता. त्याने वेढे सोडले. आई वाकली, पायांतल्या टाकीच्या झाकणावरची पितळी फिरकी तिने दोन बोटांत धरली, आणि न बघता तीन आटे सैल केली. टाकीतून सूं करून लांबलचक आवाज आला.

"आता ओढ."

एका झटक्यात मोटार सुरू झाली.

"बघा, थंड झाली," भावोजी पुढे तोंड करूनच ओरडले. "म्हटलं होतं मी." त्यांची पाठ होती आणि मोटारीचा आवाज मोठा होता. मागे दोघं काय बोलतात हे त्यांना कळायचं कारण नव्हतं.

"हे काय होतं?" चष्मेवाल्याने विचारलं.

"हवेची फिरकी. ती बंद असली की आत हवा जात नाही, मग पेट्रोल निघत नाही. नळीत असतं तेवढं जळतं नि बंद पडते."

"तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या वर्षापासून. घरी वास सुटतो म्हणून आल्याबरोबर मी ती घट्ट करायचे, आणि होडीत बसलं की सैल करायचे. एकदा विसरले तर मध्येच बंद पडली. हे ओढत बसले. मी गुपचूप सैल केली. सुरू झाली तेव्हा मला म्हणतात, बघितलंस, माझा हात ओळखते ती."

"आणि तू त्यांना सांगितलं नाहीस."

"किती खूश झाले होते." आईने पदर सावरला. "आणि सांगितलं असतं, तर पुढच्या रविवारपासून एकटेच गेले असते. मी काय घरी भिंती बघत बसले असते?"

चष्मेवाला तिच्याकडे बघत राहिला. पस्तीस वर्षं सगळे हिची कीव करत होते. त्याला हसू आलं, अगदी पोटातून आलं, आणि घशापर्यंत येऊन थांबलं, कारण तो एक रविवार त्याला आठवला.

"त्या दिवशी लोकांनी टाकी घरी आणून ठेवली," आई म्हणाली. तिची नजर त्याच्या सोललेल्या पंजावर होती. "घर माणसांनी भरलेलं, आणि मला आपलं वाटलं, वास सुटेल. म्हणून फिरकी घट्ट करायला गेले. तर ती घट्टच होती."

मोटार छान चालत होती. मध्य जवळ येत होता.

"तुला त्या दिवशी दुकानात मीच बोलावलं होतं," तो म्हणाला. "आधी दोनदा परत पाठवलं होतं, गर्दी आहे म्हणून."

"हो."

"काय काम होतं तरी?"

"चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पडला होता."

"एका मिनिटाचं काम."

"एका मिनिटाचंच," आई म्हणाली.

त्याला तिचा हात धरावासा वाटला, पण एक हात मोटारीवर होता आणि दुसरा रक्ताळलेला. मग तिनेच तो ओढून घेतला आणि पदराचं टोक त्याच्याभोवती गुंडाळलं.

मध्यावर त्याने मोटार हळू केली, पण बंद केली नाही. भावोजींनी बोट ओलं करून वाऱ्याची दिशा पाहिली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं बरोबर आलं. बरणी आईने हातात घेतली. पाण्यावर करडा पट्टा पसरला आणि होडीच्या लाटेबरोबर मागे गेला. बरणी रिकामी झाली तरी आई वाकलेलीच होती.

"उघडलीय हो," ती पाण्याकडे बघून हळूच म्हणाली. "आज उघडलीय."

धक्क्यावर परत आल्यावर सगळे भोवती जमले. मिस्त्रीही आला होता. "मध्ये आवाज बंद झाला होता," तो काळजीने म्हणाला. "कार्बुरेटरच का?"

आईने मुलाकडे पाहिलं.

"तापली होती," चष्मेवाला म्हणाला. "जरा थांबलो, मग झाली सुरू."

"मी सांगितलं होतं," भावोजी म्हणाले, आणि ताईकडून आपल्या चपला घेतल्या.

"पण हात कप्तानांचाच आहे पोराचा," तो मघाचा म्हातारा म्हणाला. "मी बघत होतो. त्या म्हातारीला बरोबर कळतं कोणाचा हात ते." इतरांनी माना डोलावल्या. हे ऐकायला चष्मेवाला एकतीस वर्षं थांबला होता. "हं," तो म्हणाला, आणि टाकी उचलून गाडीकडे गेला.

दुसऱ्या दिवसापासून बंदी लागू झाली. टाकी पुन्हा मागच्या खोलीत तिच्या जागेवर गेली, झाकणावरची फिरकी सैलच ठेवून. घरभर पेट्रोलचा वास सुटला. ताईने नाकाला रुमाल लावला, भावोजींनी झाकण तपासायची तयारी दाखवली, तर आई त्यांना खोलीच्या दारातूनच परत पाठवायची. तो वास कितीतरी दिवस राहिला, आणि तेवढे दिवस तिने एकही खिडकी उघडली नाही.